बुधवारचा तास आणि भावकीची शपथ

बुधवार, ३१ जुलै

आले! दोन वडाप भरून आले. मी फाटकाशी उभी. आमच्या वाईहुतू गावच्या शाळेत खालच्या मुसलमान हातूसिला गावची मुलं येणार, मुली डोक्याला रुमाल बांधून येणार, हे बघायला चर्चच्या ओट्यावर अर्धं गाव जमलं होतं. कुणी चकार शब्द काढला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. गप्प बसलेल्या गावाची मला जास्त भीती वाटते.

तास झाला एकदाचा. एरवी धर्माच्या तासाला मुलं वेगळी करतात. ख्रिस्ती माझ्याकडे, मुसलमान त्यांच्या सरांकडे, आणि मधे भिंत. आता दर बुधवारी दोन्ही शाळांचा आठवीचा वर्ग एकत्र. मी आणि हातूसिलाचे इद्रीस सर मिळून शिकवणार. जगातले धर्म शेजारी शेजारी मांडून बघायचे, आणि त्यांनी माणसांचं खाणं, गाणं, मरण-धरण कसं घडवलं तेही बघायचं. शिक्षण कचेरीनं डिसेंबरपर्यंतच परवानगी दिलीय. चालला तर पुढे, नाहीतर गुंडाळा.

कल्पना कुणाची? माझीच! कोणी सांगितलं होतं, सिना?

बुधवार, ७ ऑगस्ट

फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे चर्च, एकीकडे मशीद. मुलांना म्हटलं, तुमच्या गावात सणाला, लग्नाला, मयताला काय काय करता ते सांगा. हातूसिलाची रुकाया उठली. ठेंगणी, बडबडी, अजिबात न घाबरणारी. म्हणाली, "बाई, मयताला पापेदाची चिकट खळ आणि माशाचं पिवळं कालवण. कुठल्या रकान्यात लिहू?"

आमची गेर्डा लगेच, "आमच्यात पण तेच!"

शंख फुंकून गाव गोळा करणं, ते पण दोघांचं. मशिदीचा खांब उभारायला वरच्या गावातून लाकूड, चर्चच्या छपराला खालच्या गावातून माणसं, तेही दोघांचं. शेवटी इद्रीस सरांनी मधे तिसरा रकाना आखला. तास संपेपर्यंत तोच भरून वाहायला लागला आणि कडेचे दोन रिकामे. सर म्हणाले, "बाई, आता परीक्षेत काय विचारायचं?" मी हसले. वर्गात मी सहसा हसत नाही.

ते हळू बोलतात. इतकं हळू की मला मधेच वाक्य पूर्ण करावंसं वाटतं. करतेही. चिडत नाहीत.

शनिवार, १० ऑगस्ट

इद्रीस सरांनी वडापवाल्याबरोबर धुरावलेला मासा पाठवला. अख्खा, काडीला लावलेला. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. आईनं उलटापालटा करून पाहिला. "विधुर माणसाला मासा चांगला निवडता येतो वाटतं," म्हणाली.

"आई, तासासाठी मदत केली म्हणून पाठवलाय."

"मी काही बोलले का?"

बोलत नाही ती. नुसती मासा सोलते आणि गालात हसते. एक्केचाळीस वर्षांची आहे मी, आणि कान तापले माझे. जळ्ळं मेलं लक्षण!

बुधवार, २१ ऑगस्ट

आज हिंदूंचा तास. अंबोन शहरातून पोलीस हवालदाराची बायको आली होती, बालीची. त्यांच्या मौनाच्या दिवसाबद्दल सांगितलं. त्या दिवशी चूल नाही, दिवा नाही, घराबाहेर पाऊल नाही, विमानसुद्धा उतरत नाही. मुलं तोंडं वासून ऐकत होती. गेर्डानं विचारलं, "बोलायचंच नाही? मग भांडण झालेलं असलं तर?" ती बाई म्हणाली, "तर त्या दिवशी फार जड जातं, पोरी."

नंतर वर्गानं ठरवून थोडा वेळ मौन पाळलं. रुकायाला जमलं नाही. हसली, आणि सगळे फुटले. इतका सुंदर तास मी आयुष्यात घेतला नव्हता. आता काहीतरी वाईट होणार. मला नेहमी तसंच वाटतं.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

झालंच. गेर्डाचे वडील, दोमिंगूस काका, चर्चचे वडीलधारी. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांदेखत म्हणाले, "माझी मुलगी बुधवारी घरी राहील."

मी म्हटलं, "का पण, काका? तिथे कुणी कुणाला बाटवत नाही."

"दंगलीत माझं घर कुणी जाळलं? तुझं कुणी जाळलं? छावणीत आपण एका पत्र्याखाली राहिलो, विसरलीस?"

विसरेन कशी! सोळा वर्षांची होते. आई अजून उशाशी कागदपत्रांची पिशवी घेऊन झोपते. पण त्यांचीही घरं जळलीच की. आमच्याच लोकांनी जाळली. हे चर्चच्या दारात बोलायची छाती झाली नाही. नुसती "बरं" म्हणून आले. भित्री!

बुधवार, २८ ऑगस्ट

आमचे निम्मे बाक रिकामे. गेर्डाचं पाहून इतरांनीही मुलं ठेवून घेतली. खालूनही वडाप एकच आला. तिकडे कुणीतरी उठवलंय की वर मुलांना डुकराचं खायला घालतात! आम्ही तर साधं बिस्किटसुद्धा वाटलं नाही, याच भीतीनं.

मुख्याध्यापिका लिओनोरा बाईंनी बोलावलं. "सिना, असंच चाललं तर मी डिसेंबरची वाट नाही बघणार. आपणच बंद करू, निदान अब्रूनं."

तास सुटल्यावर इद्रीस सर म्हणाले, "दोघं उरले तरी शिकवू." मी म्हटलं, कोण दोघं? म्हणाले, "तुम्ही आणि मी."

हे काय बोलणं झालं? दिवसभर तेच डोक्यात.

बुधवार, ४ सप्टेंबर

काय करून बसले मी!

आजचा विषय: धर्म मोठा की रूढी. मी भावकीची शपथ घेतली. आमच्या बेटांवर हे पोराटोरांनाही ऐकून माहीत असतं: पूर्वजांनी दोन गावांच्या वतीनं एका करवंटीतून पाणी प्यायलं की ती दोन गावं सख्खी भावंडं. एक ख्रिस्ती असो, दुसरं मुसलमान असो. दंगलीतही ज्या गावांत अशी शपथ होती, तिथं एकमेकांवर हात उचलला नाही कुणी. वाईहुतू आणि हातूसिलामधे मात्र कधीच नव्हती. म्हणून तर जळलो.

रंगात येऊन फळ्यावर तीन अटी लिहिल्या. भावकीनं मागितलं तर नाही म्हणायचं नाही. भावकीवर हात उचलायचा नाही. भावकीत लग्न करायचं नाही. मोडलं तर पूर्वज सोडत नाहीत, पाद्री सांगो की इमाम.

रुकायाचा हात वर. "बाई, मग आपल्या दोन शाळांनीच शपथ घेतली तर? भावंडांच्या घरी जायला कोण अडवणार?"

आणि मी—मीच!—टाळी वाजवून म्हटलं, "वा, रुकाया! का नाही?" वर्गानं गलका केला. मी शाबासकी म्हणून तिचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं.

इद्रीस सर फळा पुसायला उठले. तिसरी अट आधी पुसली. मग वरच्या दोन.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन शाळांची शपथ म्हणजे दोन शाळांतले सगळे. मुलं. शिक्षकसुद्धा.

बाई गं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

उगाच घाबरतेय. माणसानं एक मासा पाठवला आणि एक वाक्य बोलला. त्यावर एवढा इमला?

सोमवार, ९ सप्टेंबर

गावभर झालं. लिओनोरा बाई तर नाचायच्याच बाकी आहेत. "सिना, पोरीनं लाखमोलाचं बोलून दाखवलं! शपथ झाली की दोमिंगूसच काय, त्याचा बाप आडवा येणार नाही." तिकडच्या मुख्याध्यापकांशी फोनवर बोलल्यासुद्धा. दोन्हीकडची म्हातारी मंडळी बसणार.

खरंच आहे. शपथ झाली तर तास वाचेल. नाही झाली तर तास गेला. इतकं सरळ आहे. मग मला ताप आल्यासारखं का वाटतंय?

बुधवार, ११ सप्टेंबर

मुलांना लग्नाचंच पडलंय. रुकायानं थेट विचारलं, "सर, दोन धर्मांच्या माणसांचं लग्न होतं का?"

मी खडू शोधायला लागले. हातातच होता.

सर म्हणाले, "कायदा म्हणतो, दोघांचा धर्म एक हवा. पण माणसं वाटा काढतात. कुणी एक जण बदलतो. कुणी दुसऱ्या देशात जाऊन लग्न करून येतो. कुणी वर्षानुवर्षं घरच्यांशी भांडतो. कुणी काहीच करत नाही, नुसता म्हातारा होतो." मुलं हसली.

"आणि भावकीत?"

"भावकीत वाट नाही," ते म्हणाले. "तिथं भांडायलाही कुणी नसतं. पूर्वजांशी कोण भांडणार?"

बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर होती गेर्डा! भिंतीला टेकून उभी, दप्तर छातीशी धरून ऐकत. बापानं घरी राहा म्हटलं, आत जायचं नाही म्हटलं. भिंतीशी उभं राहू नको असं नव्हतं म्हटलं. गुणाची पोर.

रविवार, १५ सप्टेंबर

स्वतःशी तरी खरं लिही, सिना. इथे कोण वाचतंय?

मला तो माणूस आवडतो. त्याचं हळू बोलणं आवडतं, खडूनं पांढरी झालेली बाही आवडते. बायको जाऊन आठ वर्षं झाली. मुलगी दूर मकासर शहरात शिकते, आणि शहरात एक बहीण आहे, हबीबा, जी फोनवरून त्याला सतत झापत असते. तो ऐकतो आणि फोन टेबलावर ठेवून पेपर तपासतो. एवढंच माहीत आहे मला. लग्न वगैरे माझ्या डोक्यात नाही. धर्माचा डोंगर आडवा आहेच, मला काय दिसत नाही? पण डोंगराकडे बघत बसता तरी येतं. भाऊ म्हटलं की तेही संपलं. मग बघणंसुद्धा पाप.

शनिवार, २१ सप्टेंबर

बैठक झाली. चर्चच्या ओट्यावर इमामसाहेब आणि पाद्रीबाबा शेजारी शेजारी बसले. मी कोपऱ्यात कॉफी देत होते.

आधी वाद शपथेच्या पाण्यावर. आमचे म्हातारे म्हणाले, रूढीप्रमाणे ताडाच्या दारूचे चार थेंब हवेतच. तिकडचे म्हणाले, हराम. आमचे म्हणाले, थेंब काय मोजता! तिकडचे म्हणाले, तुम्ही डुकराचे थेंब प्याल का? शेवटी शहाळ्याचं पाणी ठरलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग दोमिंगूस काका उठले. मला वाटलं, मोडणार. (खरं लिहू? मोडावं असं वाटलं.) पण म्हणाले, "घ्यायची तर खरी घ्या. तमाशा नको. त्या दिवशी दोन्ही शाळांच्या हजेरीपटावर ज्यांची ज्यांची नावं, ते सगळे भावकीत. मुलं, मास्तर, शिपाई. एकानंही अंग चोरायचं नाही. पुढे येणारेही भावकीतच."

आणि इद्रीस सर! सगळ्यांत आधी तेच बोलले. "काका बरोबर बोलतायत. शपथ व्हायलाच हवी. तास वाचायलाच हवा."

इतक्या ठाम आवाजात त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. तारीख पण ठरली. २६ ऑक्टोबर.

रविवार, २२ सप्टेंबर

व्हायलाच हवी म्हणे! बरं. होऊ दे.

बुधवार, २ ऑक्टोबर

सर आले नाहीत. त्यांच्या जागी सलमा, त्यांच्या शाळेतली नवी मास्तरीण. चुणचुणीत आहे. सर शहरात कचेरीत गेलेत म्हणाली. गेल्या आठवड्यातही गेले होते. काय काम, ते तिला ठाऊक नाही.

"सर मला तुमच्या तासाचं सगळं समजावून सांगतायत," म्हणाली. "रकाने कसे आखायचे, रुकायाला कसं गप्प करायचं." का समजावून सांगतायत? तिला कशाला हवंय? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्या आवाजावरून कळलं असतं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आईनं मासळीबाजारात ऐकलं की हबीबा भावासाठी सेराम बेटावरचं स्थळ बघतेय. म्हणून कचेरीच्या फेऱ्या? कागदपत्रं लागतात लग्नाला.

"तुला काय त्याचं?" आई म्हणाली. "तुला तर भाऊ मिळतोय. तुला नव्हताच भाऊ."

"हो, मिळतोय."

"मग आज केसांना एवढं तेल लावून, विंचरून कुठे निघालीस? भावाला भेटायला?"

टोमणे मारण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. दार आपटून गेले. बाहेर सगळ्या रस्त्यावर लवंगा वाळत घातलेल्या, त्यांतून पाय टाकत गेले, तर लवंगवाली वेगळीच ओरडली.

बुधवार, ९ ऑक्टोबर

सर आले. वाळलेले दिसले. तास संपल्यावर म्हणाले, "धक्क्यावर कॉफी घेऊ या का? दोन मिनिटं." गेलो. बोट लागत होती, माणसं उतरत होती, पिशव्या, कोंबड्या, गोंधळ.

"सिनाबाई, एक विचारू? तुम्ही शपथ मनापासून घेणार ना?"

मी फटकन म्हटलं, "तुम्हीच तर म्हणालात व्हायलाच हवी!"

"हो. व्हायलाच हवी." कपात बघत राहिले. "पण माझं..."

आणि मी वाक्य पूर्ण केलं! सवयीनं! "पण तुमचं स्थळ ठरतंय, ऐकलं मी. अभिनंदन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि हसू आल्यासारखं झालं त्यांना. "हबीबाला मी ऐकवलं, स्थळ एवढं आवडलं असेल तर तूच लग्न कर." मग बोटीचा भोंगा झाला, आणि वडापवाला हाका मारायला लागला. पुढचं राहिलं. काय म्हणणार होता तो? या माझ्या जिभेला कुणीतरी कुलूप घाला.

बुधवार, १६ ऑक्टोबर

आज विषय होता: वेगवेगळ्या धर्मांत निरोप कसा देतात. सरांनीच घेतला. मयताचा निरोप, मुलीच्या पाठवणीचा, हजला जाणाऱ्याचा, दर्यावर जाणाऱ्याचा. खूप छान बोलले. शेवटी आपली खडूंची पेटी सलमाला दिली. मी म्हटलं, "अहो, पुढच्या बुधवारी काय बोटानं लिहिणार?"

"बघू," म्हणाले.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

दोमिंगूस काका घरी आले. आजवर कधी पायरी चढले नव्हते. आईनं नीरफणसाचे काप तळले, ते त्यांनी खाल्ले नाहीत.

"सिना, मला अजून झोप लागत नाही नीट. शपथ एकदा प्यायली की परत घेता येत नाही. माझ्या नातवंडांच्या नातवंडांना बांधणार मी. तू यातली जाणकार. तू नुसती नको म्हण. मी परवाच्या प्रार्थनेला उठून सांगतो, थांबवा. कुणी तुझं नाव घेणार नाही."

देवा! इतकं सोपं करून समोर ठेवलं होतं. नको. एक शब्द. तोंडापर्यंत आला होता. तास गेला असता, डिसेंबरात तसाही जाणारच असेल तर? आणि मी बोलले आहे हे कुणालाही कळलं नसतं. आईनं स्वयंपाकघरात भांडी वाजवणंसुद्धा थांबवलं.

मग काकाच म्हणाले, "गेर्डा भिंतीशी उभी राहते म्हणे. चिखलात. मी बूट पाहिले तिचे."

मी म्हटलं, "हो काका. पावसातसुद्धा."

ते हाताची बोटं मोडत बसले. मी म्हटलं, "होऊ द्या शपथ."

गेल्यावर आई बाहेर आली. या वेळी टोमणा नाही. डोक्यावरून हात फिरवला माझ्या. मग मात्र मी खूप रडले.

बुधवार, २३ ऑक्टोबर

सलमा एकटीच आली. सर कुठे? "कामात आहेत." तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. माझ्याशी बोलताना नजर चुकवत होती. आजारी आहेत का? तसं असतं तर बोलली असती. मीही फोन केला नाही. तीन दिवसांनी भाऊच होणार आहे, तेव्हा करीन. बहिणी करतातच.

शनिवार, २६ ऑक्टोबर

झालं. संपलं.

सगळं खालच्या मैदानात. शंख फुंकले, ढोल वाजले. लांबच लांब पांढरं कापड दोन्ही शाळांभोवती गुंडाळलं, त्यात आम्ही सगळे खांद्याला खांदा. रुकाया आणि गेर्डा एकमेकींना चिमटे काढत होत्या. गेर्डाच्या पायांत नवे बूट. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, इमामसाहेबांनी दुवा मागितली. दोन गावांच्या दोन म्हाताऱ्यांनी शहाळी फोडून एका करवंटीत पाणी ओतलं.

आधी वरच्या शाळेची नावं. लिओनोरा बाई प्यायल्या. मग माझं नाव. फ्रान्सिना पत्तियासिना. निम्मं पाणी हनुवटीवर. गोड होतं. मला ते गोड लागलं याचाच राग आला. गेर्डाकडे बघत प्यायले, म्हणून प्यायले गेले.

मग खालच्या शाळेची यादी. मी मान वर केली नाही. कानांत प्राण आणून ऐकत होते. मुख्याध्यापक, सलमा, गणिताचे सर, शिपाई—आणि संपली! इद्रीसचं नाव घेतलंच नाही. वर पाहिलं, तर कापडात तो नव्हताच. मैदानात कुठेच नव्हता.

दोमिंगूस काकांच्याही लक्षात आलं. "तुमचे ते मास्तर कुठायत?" ढोल थांबले. आता मोडणार, आता म्हणणार यांनी अंग चोरलं, आता पुन्हा दगड उचलणार कुणीतरी. खालचे मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "हजेरीपटावर जितकी नावं आहेत, तितके सगळे प्यायलेत, काका. स्वतः बघा." काकांनी पट पाहिला, मान हलवली, आणि ढोल पुन्हा सुरू झाले.

काय पाहिलं त्यांनी, काय नाही, माझं लक्ष नव्हतं. मी रागानं पेटले होते. भर बैठकीत 'व्हायलाच हवी' म्हणणारा आज तोंड लपवून बसला! मी इथे सगळं सोडून प्यायले, आणि याला एक घोट जड? पळपुटा! सगळे मला मिठ्या मारून 'ताई, ताई' करत होते. मीही हसत होते. गाल दुखेपर्यंत.

सोमवार, २८ ऑक्टोबर

फोन केला नाही. करणारही नाही.

बुधवार, ३० ऑक्टोबर

वर्ग गच्च. गेर्डा पहिल्या बाकावर, रुकायाला चिकटून. सलमानं खडूंची पेटी उघडली.

तास सुटल्यावर ती म्हणाली, "ताई, आता सांगायला हरकत नाही. इद्रीस सर आमच्या शाळेत नाहीत. पलीकडच्या सापरुआ बेटावरच्या शाळेत बदली झाली त्यांची, शपथेच्या आधीच्या सोमवारपासून. स्वतः मागून घेतली. बैठकीत तारीख ठरली आणि सोमवारी लगेच अर्ज दिला. मला म्हणाले, आधी तास वाचू दे, तोवर कुणाशी बोलू नकोस."

मी विचारलं, का पण? इतकं चांगलं चाललेलं सोडून?

"मीही तेच विचारलं," सलमा म्हणाली. "तर म्हणाले, मला एक बहीण आहे. दुसरी नको."

घरी आले. आईला विचारलं, सापरुआची बोट केव्हा असते गं?

"शनिवारी सकाळी," ती मासा सोलता सोलता म्हणाली. "कधीची विचारून ठेवलीय मी."